नस काढल्यावरही दात दुखतो तेव्हा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



या दिवशी दरवर्षी कोणीतरी एखाद्या विषयावर चार शब्द बोलावेत असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले आणि विषयही त्यांनीच दिला. दातांविषयी दातांच्या डॉक्टरांनी बोलावे, माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईने काय बोलावे, असे मी म्हणून पाहिले. पण दात दुखणारी बाई घरी आल्यावर काय काय होते ते डॉक्टरांना कुठे दिसते, असे त्या म्हणाल्या. हे मात्र मला पटले. शिवाय माझी एक भाची कराडला दंतवैद्यकाचे शिक्षण घेते. माझे माहेर त्या बाजूचे असल्यामुळे सुट्टीत गाठ पडते. तिने कागदावर चित्रे काढून मला हे सारे समजावून दिले आहे. जे नीट उमगले तेवढेच आज सांगते.

आता मूळ मुद्द्याला येते. रूट कॅनाल हा शब्द आपल्याकडे आता घरोघरी झाला आहे. आपण त्याला ‘दाताची नस काढणे’ म्हणतो. पुष्कळजणींनी ती करून घेतली आहे, पुष्कळजणी अर्ध्यावर सोडून आल्या आहेत. या अर्ध्यावर सोडणाऱ्यांविषयी मला आज विशेष बोलायचे आहे.

माझ्या जाऊबाईंचेच उदाहरण घ्या. खालची दाढ किडली, रात्र-रात्र ठणकू लागली. एका दवाखान्यात नस काढायला सुरुवात झाली. पहिल्या खेपेस डॉक्टरांनी दाढ उघडली, आतून साफ केली, औषध भरून वर तात्पुरते सिमेंट लावले आणि आठवड्याने बोलावले. घरी आल्यावर सुंगीचा अंमल उतरला आणि दाढ दुखू लागली. घास चावला की कळ डोक्यात जाई. घरात सर्वांचे एकच म्हणणे पडले, की नस काढली म्हणतात तर दुखते कसे? नक्कीच काम बिघडले. ‘दोन-तीन दिवस दुखेल, घाबरू नका’ एवढे एक वाक्य त्या दवाखान्यात कोणी त्यांना सांगितले असते तर पुढचे रामायण टळले असते. ते कोणी सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी दुखणे आपोआप ओसरले, तेव्हा ‘आता कशाला जायचे, पुन्हा दुखेल’ म्हणून जाऊबाई गेल्याच नाहीत. पाच-सहा महिन्यांनी ते सिमेंट झिजून पडले, आत पुन्हा घाण गेली, गाल सुजला, ताप भरला आणि शेवटी दाढ काढावी लागली. वाचवता येण्याजोगी दाढ होती. आज त्या एका बाजूने जेवतात. भाकरी कालवणात कुस्करून खातात.

नस काढली तरी दुखते कसे, हा प्रश्न खुळा नाही. त्याचे उत्तर असे. दाताच्या पोटात एक पोकळी असते. तीत रक्तवाहिन्या, नस आणि मऊ मांस असते आणि मुळांतून त्याचे बारीक दोरे खाली गेलेले असतात. पुढच्या दातांना बहुधा एकच नळी, खालच्या दाढेला बहुधा तीन आणि वरच्या पहिल्या दाढेला पुष्कळदा चार. कीड या पोकळीपर्यंत पोचली की आतले मांस सडू लागते. रूट कॅनालमध्ये हे काढतात. पण दात हाडात जिथे रुतलेला असतो, तिथे मुळाभोवती एक पातळ गादी असते. त्या गादीला स्वतःच्या नसा आहेत, त्या कोणी काढत नाही. आतल्या सडक्या मांसाने ती गादी आधीच सुजलेली असते, वर साफसफाईचा धक्का बसतो. दात जणू मुका होतो, पण त्याची गादी बोलते. चावल्यावर कळ येते ती तिचीच.

हे दुखणे किती जणांना होते याचाही हिशेब झालेला आहे. देशोदेशीच्या पाहण्या एकत्र करून दोन संशोधकांनी २०११ साली तो मांडला. उपचारापूर्वी शंभरातल्या सुमारे ८१ जणांना दुखत होते, उपचारानंतर एका दिवसाने सुमारे ४० जणांना आणि एका आठवड्याने सुमारे ११ जणांना. म्हणजे दुसऱ्या दिवशी ज्या बाईचा दात दुखतो ती काही जगावेगळी नाही. आधी ज्याला फार ठणका असतो त्याला नंतरही अधिक दुखते. बायकांना पुरुषांपेक्षा अधिक दुखते असेही बऱ्याच पाहण्यांत आढळले आहे. आमच्या घरातल्या पुरुषांना हे मी अजून सांगितलेले नाही.

आता या साऱ्या उपचाराचा प्राण कशात आहे? मला आधी वाटे, त्या बारीक सुया आत फिरवतात त्यात. भाची म्हणाली, सुया वाट मोकळी करतात. खरी सफाई धुण्याने होते. नळी म्हणजे काही सरळ गुळगुळीत पाइप नव्हे. ती कुठे चपटी, कुठे वाकडी, तिला बाजूला केसासारखे फाटे. मोजून पाहिले तेव्हा नळीच्या भिंतीचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग असा निघाला, की जिथे सुई टेकतच नाही. मग तिथली घाण कशी निघणार? ती पाण्यानेच निघायची. अरुंद तोंडाची तेलाची बाटली आपण धुतो तेव्हा काय करतो? आत हात जात नाही, काडी सगळीकडे पोचत नाही. मग गरम पाणी, सोडा घालून खळखळ हलवतो, ओततो, पुन्हा भरतो. तेच इथे.

या धुण्याला डॉक्टरांच्या भाषेत शेताला पाणी देण्याचाच इंग्रजी शब्द आहे, इरिगेशन! मला हे ऐकून मोठी मौज वाटली. कृष्णाकाठच्या बायकांना पाणी देणे कोणी शिकवावे? आपल्यातल्या किती जणींनी रात्री-अपरात्री लाइट आल्यावर दारे धरली आहेत. पाणी सरीच्या टोकापर्यंत गेले पाहिजे, पण बांध फोडून शेजारच्या रानात जाता कामा नये, हे आपल्याला ठाऊक आहे. दाताच्या नळीचेही अगदी हेच आहे. पाणी मुळाच्या टोकापर्यंत पोचावे, पण टोकाच्या भोकातून पलीकडे हाडात जाऊ नये. टोकापर्यंत पोचले नाही तर घाण राहते, पलीकडे गेले तर दुखते.

हे पाणी साधे नसते. बहुतेक ठिकाणी सोडियम हायपोक्लोराईट नावाचे द्रावण वापरतात. दवाखान्यात नळाच्या पाण्यासारखा, जरा उग्र वास येतो तो त्याचाच. कपडे शुभ्र करायचे जे ब्लीच दुकानात मिळते ते याच जातीचे, आणि गावच्या टाकीत ग्रामपंचायत जी टीसीएल पावडर टाकते ती याची सख्खी बहीण. ते जंतू मारतेच, शिवाय सडलेले मांस विरघळवते, हा त्याचा मोठा गुण. दुसऱ्या कोणत्या धुण्याच्या औषधाला हे तितके साधत नाही. याचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमा सडून माणसे मरत, तेव्हा १९१५ च्या सुमारास हेन्री डेकिन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने अर्धा टक्का तीव्रतेचे द्रावण तयार केले. अ‍ॅलेक्सिस कॅरेल या फ्रेंच शल्यवैद्याने जखमेत रबराच्या नळ्या ठेवून त्यातून ते ठराविक वेळाने सोडण्याची रीत बसवली. आपल्या द्राक्षबागेतल्या ठिबकची आठवण व्हावी अशी! साताऱ्याजवळच्या अपशिंग्याने त्या युद्धात आपली कितीतरी माणसे गमावली, म्हणून ते युद्ध आपल्याला काही फार लांबचे नाही. जखमा धुण्याचे ते पाणी पुढे दातांच्या नळ्या धुण्यासाठी आले आणि शंभर वर्षे झाली तरी त्याची जागा दुसऱ्याने घेतलेली नाही.

आज ते अर्ध्या टक्क्यापासून सव्वापाच टक्क्यांपर्यंत वेगवेगळ्या तीव्रतेचे वापरतात. तीव्र असेल तर मांस लवकर विरघळते, पण टोकापलीकडे गेले तर भाजतेही अधिक. काही पाहण्यांत सौम्य द्रावणाने नंतरचे दुखणे कमी झाले, काहींत फारसा फरक पडला नाही. शेवटी ईडीटीए नावाचे दुसरे औषधही सोडतात. सुया घासताना भिंतीवर जो भुशाचा थर बसतो तो त्याने निघतो. आणि हो, हे ऐकून घरातल्या ब्लीचने कोणी चूळ भरू नका! दवाखान्यात ते नळीच्या आत थेंबाथेंबाने जाते, तोंडात नव्हे.

पाणी सोडण्याच्या रीती मात्र निरनिराळ्या आहेत आणि दुखण्याचा संबंध इथेच येतो. सर्वांत जुनी आणि अजून सर्वत्र चालणारी रीत म्हणजे सिरिंज आणि बारीक सुई. यात डॉक्टरांच्या हाताची परीक्षा असते. सुई नळीत घट्ट रुतली आणि जोराने दट्ट्या दाबला तर पाण्याला परत वर यायला वाट राहत नाही, मग ते टोकातून पलीकडे जाते. म्हणून चांगला डॉक्टर सुई सैल ठेवतो, टोकापासून एक-दोन मिलिमीटर अलीकडेच थांबवतो, सुई वरखाली हलवत राहतो आणि दट्ट्या बोटाने हळू दाबतो. टोक बंद आणि बाजूला भोक अशाही सुया निघाल्या आहेत, म्हणजे पाण्याची धार सरळ खाली न जाता भिंतीवर पडते. या रीतीत उणे एवढेच, की पाणी सुईच्या पुढे फारसे जात नाही आणि टोकाशी हवेचा बुडबुडा अडकून बसतो. बाटली पालथी धरून पाण्यात बुडवली तर आत पाणी शिरत नाही, तसे.

म्हणून मग पाणी हलवण्याच्या युक्त्या निघाल्या. एक अगदी साधी, नळीच्या मापाची रबरी काडी आत घालून ती वरखाली करायची. दुसरीत बारीक तार यंत्राने थरथरवतात. त्या थरथरीने पाणी फाट्यांत शिरते आणि भिंती घासून निघतात. तिसरी रीत मला फार आवडली. तिच्यात पाणी ढकलतच नाहीत. वरून दाताच्या पोकळीत सोडतात आणि केसासारखी नळी टोकाशी ठेवून तिथून ओढून घेतात. म्हणजे पाणी टोकापर्यंत जाते खरे, पण ओढ आतल्या बाजूची असल्यामुळे पलीकडे सांडत नाही. या ओढून घेण्याच्या रीतीने धुतलेल्या दातांना साध्या सुईपेक्षा पहिल्या एक-दोन दिवसांत कमी दुखते, असे पाहण्यांत दिसले. थरथरवण्याच्या रीतीबद्दलही बऱ्याच ठिकाणी तसेच आढळले आहे. आणखी एक म्हणजे सगळे झाल्यावर बर्फासारख्या थंड केलेल्या सलाइनने काही मिनिटे धुणे. सुजलेल्या पायावर बर्फ ठेवावा तसे ते, त्यानेही पहिल्या दिवसाचे दुखणे हलके होते. पण एक गोष्ट भाचीने मला बजावून सांगितली. आठवडा गेला की सर्व रीतींतला दुखण्याचा फरक पुसट होतो. तेव्हा ‘अमक्याकडे यंत्र आहे, तमक्याकडे नाही’ म्हणून साध्या सुईने काळजीपूर्वक काम करणाऱ्या डॉक्टरांना नावे ठेवू नका. ठिबक बसवला म्हणून ऊस आपोआप येत नाही, आणि पाटपाण्यावरही जाणता शेतकरी सोने पिकवतो. उलट पाणी जास्त म्हणजे पीक जास्त असे समजून वाळवा, पलूस, मिरज भागातल्या किती जमिनी क्षारपड झाल्या, ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

आता घरी आल्यावर काय करायचे. पहिले दोन-तीन दिवस चावताना दुखणे, दात जरा उंच वाटणे, हिरडी हुळहुळणे हे चालायचेच. त्या बाजूने चावू नये. डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी पोटात काही घालून वेळेवर घ्यावी, कळ डोक्यात जाईपर्यंत वाट पाहू नये. पण ज्यांना मूत्रपिंडाचा विकार, पोटात व्रण किंवा दमा आहे, ज्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात, ज्यांना दिवस गेलेले आहेत, त्यांनी हे डॉक्टरांना आधी सांगितलेच पाहिजे, कारण आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या त्यांना बाधतात. शेजारणीची उरलेली अँटिबायोटिक घेऊ नये. ती जंतूंवरची आहे, दुखणे थांबवणारी नाही. सूज पसरली, ताप आला, तर ती द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. दाताशी अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नये, हिरडी भाजते.

आणि मशेरी! भगिनींनो, इथे मला जरा स्पष्ट बोलू द्या. सातारा काय आणि सांगली काय, दात दुखला की चिमूटभर मशेरी लावणाऱ्या आपल्यात कमी नाहीत. तिने क्षणभर बधिर वाटते, म्हणून ती औषध वाटते. ती तंबाखू आहे. हिरडी खाते, आणि तोंडाच्या कर्करोगाला बोलावणे धाडते. माझ्या आईच्या वयाच्या बायकांना हे सांगायला कोणी नव्हते, आपल्याला आहे.

परत दवाखान्यात केव्हा धावायचे, तेही सांगते. दुखणे तीन दिवसांनी कमी होण्याऐवजी वाढत असेल, गाल किंवा हनुवटीखाली सूज येत असेल, ताप असेल, तोंड उघडत नसेल किंवा वरचे सिमेंट निघून पडले असेल, तर दिलेल्या तारखेची वाट पाहू नका. गिळायला किंवा श्वासाला त्रास होऊ लागला तर रात्र असली तरी मोठ्या रुग्णालयात जा. कधी कधी कारण अगदी किरकोळ असते. भरलेले सिमेंट केसभर उंच राहते, प्रत्येक घासाला सगळा भार त्याच दातावर पडतो. ते घासून दिले की तासाभरात बरे वाटते. एवढ्यासाठी आठ-आठ दिवस कळा सोसणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

खुर्चीवर असताना धुणे चालू आहे आणि एकाएकी आग पडल्यासारखी कळ आली तर तोंड दाबून बसू नये, लगेच हात वर करावा. क्वचित, फार क्वचित, ते द्रावण टोकापलीकडे जाते. तसे झाले तर कळ जबरदस्त असते आणि पाहता पाहता गाल सुजतो, पुढे काळानिळा पडतो. डॉक्टरांना त्या क्षणी कळले तर ते थांबतात, सलाइनने धुऊन काढतात, पहिल्या दिवशी बाहेरून थंड शेक देतात आणि पुढची औषधे ठरवतात. बहुतेक जणी काही आठवड्यांत बऱ्या होतात. पण आपल्या बायकांची खोड अशी, की डॉक्टर काय म्हणतील म्हणून गप्प बसायचे. सुंगी नीट चढलेली नसली तरी सांगायचे नाही. बाळंतपण सोसले तर हे काय, असे म्हणायचे. इथे सोसण्याला बक्षीस नाही.

काम सुरू होण्यापूर्वी विचारायला हरकत नाही अशा काही गोष्टी आहेत. दाताभोवती रबराचा पडदा लावणार का? त्याने द्रावण तोंडात सांडत नाही, थुंकी नळीत जात नाही आणि बारीक सुई घशात जाण्याची भीती राहत नाही. किती खेपा लागतील? वर टोपी बसवायची का, आणि एकूण खर्च किती? टोपीचा प्रश्न मुद्दाम सांगते, कारण नस काढलेली दाढ किडीने आणि कोरून पोकळ झालेली असते. टोपी नसेल तर एखाद दिवशी शेंगदाण्यानेही ती उभी फुटते आणि सारे कष्ट पाण्यात जातात. पैशांची व्यवस्था पहिल्या दिवशीच टोपीसकट धरावी.

खर्चावरून आठवले. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत शिकवणारी दंत महाविद्यालये आहेत. कराडला कृष्णा आहे, सांगलीत भारती विद्यापीठाचे आहे, कवलापूरला वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत शिकणारी मुले-मुली शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. खासगी दवाखान्यापेक्षा खर्च कमी येतो, वेळ मात्र जास्त लागतो. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा लागतो, एक्स-रेला थांबावे लागते आणि शिकाऊ मुलगी प्रत्येक पायरीला सरांना बोलावून दाखवते. मला तर ते बरेच वाटले; एका दाताकडे दोघे पाहतात. जाताना डबा, पाण्याची बाटली आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या न्याव्यात. रिकाम्या पोटी जाऊ नये. जेवण करून गेलेली बाई तासभर तोंड उघडून बसू शकते.

जाऊबाईंची दुसऱ्या बाजूची दाढ आता किडली आहे. येत्या मंगळवारी मी त्यांना घेऊन जाणार आहे. सकाळच्या पहिल्या गाडीने निघू. आणखी दोघी-तिघींना यायचे असेल तर चहाच्या वेळी मला नावे सांगा, म्हणजे एकत्रच जाता येईल.